बाण नसलेल्या वाटा : ब्रिटनच्या डोंगरांत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर बेन नेव्हिस, उंची १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. हा हिशेब मांडून "म्हणजे टेकाडंच की" असं म्हणणारं कुणी ना कुणी दर सप्टेंबरात इथल्या विमानतळावर उतरतं. मीही तेच म्हणत उतरले होते. राजगड-तोरणा एका दमात केलेली माणसं आम्ही, हजार मीटरचं काय कौतुक!

त्या हिशेबात काही गोष्टी राहून जातात. बारी गावातून कळसूबाई चढायला लागतो तेव्हा निम्म्याच्या आसपास उंची एसटीने आधीच चढवलेली असते. बेन नेव्हिसचा पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे, तेव्हा ते सगळे मीटर आपल्याच पायांनी चढायचे. शिवाय मुंबई १९ अक्षांशावर आहे आणि बेन नेव्हिस जवळपास ५७ वर. तिथल्या उत्तरेकडच्या घळींत ऐन उन्हाळा लागला तरी बर्फाचे तुकडे पडलेले दिसतात.

आणखी एक गोष्ट मला कळायला भिजून चिंब झालेला एक अख्खा दिवस लागला. इथे बाण नाहीत. सह्याद्रीत कातळावर चुन्याचा बाण असतो, झाडाला फडकं बांधलेलं असतं, आणि काहीच नसलं तर "वर जाताय व्हय? त्या आंब्यापासनं डावीकडं" असं सांगणारे मामा असतात. इथल्या उंच डोंगरांवर बहुतेक ठिकाणी रंगाचा ठिपकासुद्धा लावत नाहीत, आणि तो लावू नये असं इथल्या लोकांचं ठाम मत असतं. चार रस्ते फुटले की कुठला आपला, हे आपणच ठरवायचं. त्यामुळे इथे दमसासापेक्षा वाचता येण्याला किंमत जास्त: नकाशा वाचता येणं, आभाळ वाचता येणं आणि घड्याळ वाचता येणं. ते जमलं की या डोंगरांची गोडी कळते. नाहीतर तीन तास ओल्या ढगात चालून माणूस घरी येतो आणि म्हणतो, काय पाहिलं कुणास ठाऊक.

पहिला डोंगर कुठला घ्यायचा

नवीन माणूस थेट वेल्समधल्या स्नोडनला जातो. वेल्श नाव अर् विद्वा, उंची १०८५ मीटर. वाईट नाही, पण पहिल्यासाठी नको. उन्हाळ्यातल्या शनिवारी माथ्यावर फोटोची रांग लागते, आणि पेन-इ-पासच्या गाडीतळावर हंगामात जागा आधी राखून ठेवावी लागते. शिवाय तिथल्या सगळ्या वाटा सारख्या नाहीत. क्रिब गोखची धार त्याच डोंगराचा भाग आहे, आणि चुकून त्या वाटेला लागलेल्या लोकांना सोडवायला बचाव पथकाला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

माझ्या मते पहिला डोंगर मॅम टॉर, पीक डिस्ट्रिक्टमधला, ५१७ मीटर. तिथे जायला स्वतःची मोटार लागत नाही, हे पहिलं कारण. मँचेस्टर किंवा शेफील्डहून होप व्हॅलीच्या लोकलसारख्या छोट्या गाडीत बसायचं आणि ईडेल नावाच्या स्टेशनवर उतरायचं. शेफील्डहून अर्धा-पाऊण तास, मँचेस्टरहून पाऊण तासाच्या आसपास. स्टेशनातून बाहेर पडलं की डोंगर समोरच. वाट सरळ आहे, चुकलात तरी खाली कुठल्यातरी रस्त्याला लागता. आणि तिसरं कारण खास आपल्यासाठी: मॅम टॉर हा किल्ला आहे. सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी माथ्याभोवती खंदक खणून मातीचा तट घातला होता, त्याचा उंचवटा आजही पायाखाली जाणवतो. बुरूज, दरवाजा, टाकं शोधायची सवय असलेल्या माणसाला तिथे बरं वाटतं.

लेक डिस्ट्रिक्टच्या जवळ राहत असाल तर मॅम टॉरच्या जागी कॅटबेल्स घ्या, ४५१ मीटर. पेनरिथ स्टेशनवरून एक्स ४ किंवा एक्स ५ बसने केझिकला (स्पेलिंगमधला डब्ल्यू बोलायचा नाही) आणि तिथून डर्वेंटवॉटर तलावातल्या लाँचने हॉज एंडच्या धक्क्यावर. लाँचने डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, धार चढायची आणि पलीकडे उतरून दुसऱ्या धक्क्यावरून पुन्हा लाँच पकडायची. असा ऐटीचा ट्रेक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. माथ्याच्या खाली थोडा कातळ हाताने धरून चढावा लागतो. हजारो बुटांनी तो घासून गुळगुळीत केलाय, पावसात जपून.

नकाशा: आधी घरी, जमिनीवर पसरून

ऑर्डनन्स सर्व्हे ही इथली नकाशे करणारी सरकारी संस्था, १७९१ पासूनची. तिच्या दोन मालिका लक्षात ठेवा. नारिंगी मुखपृष्ठाची 'एक्स्प्लोरर' १:२५,००० प्रमाणाची, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. गुलाबी 'लँडरेंजर' १:५०,००० ची. पायी चालणाऱ्याने नारिंगी घ्यावी, कारण तिच्यात शेतांचे गडगेसुद्धा दाखवलेले असतात आणि धुक्यात गडगा हाच मित्र असतो. मॅम टॉरसाठी 'ओएल १' ही घडी, कॅटबेल्ससाठी 'ओएल ४'. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बहुधा मिळतात, लगेच विकत घ्यायची गरज नाही. याच संस्थेचं ॲपही आहे आणि ते उत्तम आहे, पण थंडीत फोनची बॅटरी डोळ्यांदेखत उतरते आणि ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. कागद सोबत हवाच.

नकाशावर सगळीकडे निळ्या रेघांची चौकट आखलेली असते. एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर. अंतराचा अंदाज नुसते चौकोन मोजून येतो. याच चौकटीवरून जागेचा पत्ता तयार होतो: दोन अक्षरं आणि सहा आकडे. मॅम टॉरचा माथा 'एसके १२७ ८३६'. आधीचे तीन आकडे आडवे, डावीकडून उजवीकडे मोजायचे. नंतरचे तीन उभे, खालून वर. रांगोळीचे ठिपके मोजतो तसंच. हा पत्ता काढायला घरी शिकून घ्या, कारण अडचणीत सापडल्यावर पलीकडचा माणूस पहिल्यांदा हाच विचारतो.

समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, भीती वाटायचं कारण नाही, सह्याद्रीतल्यांना तर अजिबात नाही. सोंड आणि घळ आपल्याला डोळ्यांनी ओळखता येतात, कागदावर फक्त त्यांची सही पाहायची. रेषांचं टोक उताराच्या दिशेने खाली निघालं असेल तर ती सोंड. टोक वर डोंगरात घुसलेलं असेल तर घळ. दोन गोल माथ्यांच्या मध्ये रेषा कमरेसारख्या आत आल्या की खिंड. रेषा एकमेकींना चिकटल्या की चढ छातीवर, आणि चिकटून काळी रेघच झाली, वर कड्याची खूण दिसली, की तिकडे आपलं काम नाही. संध्याकाळी चहा घेत त्या नकाशावर बोट फिरवत "आता चढ, आता पठार, उजवीकडे ओढा, मग गडगा" असं मनात चालून यायचं. मला तर याचंच व्यसन लागलंय. पाऊस पडत असला की डोंगरावर न जाता मी डोंगर चालते.

होकायंत्र घ्या, पारदर्शक पट्टीचं, स्वस्तातलं चालेल. सुरुवातीला एवढंच यायला हवं: नकाशा जमिनीवर ठेवून उत्तरेला उत्तर जुळवणं आणि दोन ठिकाणांमधला अंश काढून त्या दिशेने चालणं. हे नुसतं शास्त्र नाही. बेन नेव्हिसच्या माथ्यावर ढगात सापडलेल्या माणसाने कड्यावरून जाऊ नये म्हणून आधी २३१ अंशांवर १५० मीटर आणि मग २८२ अंशांवर चालायचं, हे दोन आकडे तिथे जाणारे अनुभवी लोक पाठ करून जातात. दोन्ही बाजूंना घळी आहेत आणि मधून वाट. पहिल्या वर्षी तिथे जाऊ नका, पण अंश कशासाठी मोजायचे ते यावरून ध्यानात येईल.

आभाळ

मोबाईलवरचं नेहमीचं हवामान ॲप गावाचं हवामान सांगतं. डोंगराचं हवामान वेगळं असतं. मेट ऑफिस या इथल्या सरकारी हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो, आणि 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस' म्हणून एक सेवा आहे, तिला सगळे 'एमविस' म्हणतात. आदल्या संध्याकाळी दोन्ही वाचा. पावसाच्या आधी वारा वाचा. माझा स्वतःचा नियम: माथ्यावर ताशी ३० मैलांपेक्षा जास्त वारा सांगितला असेल तर धारेवर जायचं नाही, खोऱ्यात फिरायचं. ४० मैलांना चालताना तोल जायला लागतो. एमविसच्या अंदाजात वाऱ्याने चालण्यावर काय परिणाम होईल आणि माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, हेही लिहिलेलं असतं. ढगाला डोंगरवाले 'क्लॅग' म्हणतात. क्लॅग उतरला की दहा पावलांपलीकडे मेंढीसुद्धा दिसत नाही.

तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला १४ असेल तर ९०० मीटरवर ८, त्यात वारा. इथे आपला सह्याद्रीचा अनुभवच आपल्याला फसवतो. पाऊस आपल्याला नवीन नाही. महाबळेश्वरच्या पुढे इथला पाऊस काय! लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात पावसाळी वस्तीचं गाव, तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. महाबळेश्वर त्याच्या कितीतरी पुढे. पण आपल्याकडे पावसात भिजणं ही गंमत आहे, कारण तो पाऊस कोमट असतो. लोहगडावर चिंब होऊन आपण भजी खातो. इथे भिजलेल्या अंगाला वारा लागला की शरीर आतून थंड पडायला लागतं. कडकडून हुडहुडी भरते, मग बोलणं जड होतं, मग माणूस हट्टी आणि बावचळल्यासारखा वागतो. सोबतचा माणूस अकारण चिडचिड करायला लागला, वारंवार अडखळायला लागला, तर वाद घालू नका. आडोसा बघा, कोरडे कपडे चढवा, गोड खायला द्या आणि खाली उतरा.

अंगावर काय, सॅकमध्ये काय

पहिल्या ऑक्टोबरात मी कॅटबेल्सवर जीन्स आणि पोंचो घालून गेले होते. पुण्याहून आणलेला तो पोंचो हरिश्चंद्रगडावर तीन पावसाळे टिकला होता. इथे धारेवर आल्यावर पहिल्याच झोताला तो खालून फुगला, उलटा होऊन तोंडावर आला आणि मी दोन्ही हातांनी त्याच्याशी झुंजत उभी. जीन्स भिजून पायांना चिकटलेली. बोटं इतकी बधिर की डब्याचं झाकण उघडेना. शेजारून सत्तरीतल्या एक बाई काठ्या टेकत गेल्या, थांबल्या, आपल्या सॅकमधून लोकरी हातमोजे काढून दिले आणि "लव्हली डे" म्हणून पुढे गेल्या. उपरोध होता की खरंच म्हणत होत्या, मला आजही ठाऊक नाही.

तेव्हा: सुती कपडे आणि जीन्स नको, सुती बनियनसुद्धा नको. अंगाला चिकटून पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर खरोखरचं वॉटरप्रूफ जॅकेट, टोपीवालं. वॉटरप्रूफ पँटही घ्या. नवखे लोक तीच वगळतात आणि तिचीच आठवण काढतात. जॅकेटवर पैसे खर्च करा, बाकी सगळं चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) दोन-चार पौंडांत मिळतं. बुटाला खोल नक्षीचा तळ हवा. घोट्यापर्यंत असावा की नसावा यावर लोक तासभर वाद घालतात, तुम्ही पायाला बसेल तो घ्या आणि आधी आठवडाभर घालून फिरा.

सॅकवरचं पावसाळी कव्हर वाऱ्याने उडून जातं. त्यापेक्षा सॅकच्या आत जाड कचऱ्याची पिशवी घालून सगळं तिच्यात भरा. टोपी, हातमोजे (दोन जोड, एक हमखास भिजतो), एक जास्तीचा उबदार थर, हेडटॉर्च, शिट्टी, थोडं मलमपट्टीचं सामान आणि नारिंगी रंगाची प्लॅस्टिकची सर्व्हायव्हल बॅग. ती पाच-सात पौंडांना मिळते, माणूस तिच्यात शिरून वाऱ्यापासून वाचतो. उन्हाळ्यातही हे सगळं घ्यायचं. हेडटॉर्च जूनमध्ये कशाला, असं वाटेल. घ्या.

खाण्याच्या बाबतीत आपण यांच्या पुढे आहोत. इथले लोक ओट्सचा फ्लॅपजॅक नावाचा गोड चौकोन खातात, चांगला असतो. पण दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाची चिक्की, थर्मासमध्ये आल्याचा चहा यांना तोड नाही. एकच अट: हातमोजे न काढता खाता येईल असं काहीतरी खिशात ठेवा. केळ्याची सालं, संत्र्याची सालं तिथे टाकू नका. थंडीत ती महिनोन्महिने कुजत नाहीत.

घड्याळ

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, तो अजून सगळे वापरतात. दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मॅम टॉरची जाऊन-येऊन वाट साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि चढ २८० मीटरच्या आसपास. म्हणजे दीड तास अधिक अर्धा तास, दोन तास झाले. हा नेस्मिथ न थांबणाऱ्या माणसाचा हिशेब करतो. फोटो, चहा, दम खाणं, गडग्यावर बसून उगीच बघत राहणं हे धरून साडेतीन तास मोजा.

मग मागून मोजायला लागा. अंधार किती वाजता? डिसेंबरात उत्तर इंग्लंडमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो, आणि ती संध्याकाळ ही या देशातली सगळ्यात मोठी चैन आहे: ऑफिसातून निघून सहाला ट्रेन पकडायची आणि आठ वाजता माथ्यावर उन्हात बसायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्या आठवड्यात भलेभले फसतात. परतीची ट्रेन कधीची आणि तिच्यानंतर दुसरी आहे का, हेही बघून ठेवा. जाण्याआधी घरी कुणाला तरी सांगून जा, कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची.

प्रत्यक्ष चालताना

ईडेलला उतरलात की गाव आणि डोंगर यांच्यातली शेतं ओलांडायची. इथली पायवाट खाजगी शेतातून जाते, थेट कुणाच्या गोठ्याच्या बाजूने, आणि तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटतं. गडगे आले की त्यावरून चढून उतरायच्या पायऱ्या असतात, त्यांना 'स्टाइल' म्हणतात. फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर मागे बंद करायचं. मेंढ्या निरुपद्रवी. गायींकडे मात्र लक्ष ठेवा, विशेषतः वासरं असतील तर. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपल्याकडची गाय रस्त्यात बसून रवंथ करते, ही तशी नाही.

शेतं संपली की चढ लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासात हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत येता. ईडेलला चर्च नव्हतं तेव्हा गावातलं मयत खांद्यावरून याच खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात न्यायचे. खिंडीत थांबा आणि नकाशा काढा. तो फिरवून समोरच्या डोंगराशी जुळवा. उजवीकडे मॅम टॉर, डावीकडे बॅक टॉर आणि लूझ हिल. कागदावर हे आधीच चालून झालंय, आता ते खरं निघतंय. त्या क्षणी होणाऱ्या आनंदासाठी मी गेली कित्येक वर्षं इथे येतेय.

उजवीकडे वळून धार धरली की माथ्यापर्यंत फरसबंदी वाट आहे. "हा काय ट्रेक?" असं मनात येईल. ती फरशी तुमच्या सोयीसाठी नाही. इतके लोक येतात की नुसत्या मातीवर चालले तर धार झिजून जाईल, म्हणून दगड बसवलेत. त्या दगडांवरूनच चाला. माथ्यावर काँक्रिटचा चौकोनी खांब दिसेल, तो त्रिकोणमितीय मोजणीचा. १९३६ पासून देशभर असे साडेसहा हजारांच्या वर खांब उभारले गेले. आज मोजणी उपग्रहांवरून होते, पण खांबाला हात लावल्याशिवाय कुणी उतरत नाही. आपण गडावर जाऊन झेंड्याच्या काठीला हात लावतो, तसंच.

पूर्वेची बाजू खचलेली आहे. मॅम टॉरला 'थरथरणारा डोंगर' म्हणतात, कारण तो सतत घसरत असतो. त्याच्या पायथ्यातून जाणारा मोठा रस्ता दुरुस्त करून करून थकले आणि १९७९ साली कायमचा बंद केला. डांबराच्या भंगलेल्या थप्प्या अजून तिथेच पडलेल्या आहेत.

उत्तरेला दरीपलीकडे लांबच लांब सपाट पठार दिसेल, ते किंडर स्काउट, ६३६ मीटर. आज आपण जिथे फिरतो तिथे शंभर वर्षांपूर्वी फिरता येत नव्हतं. पठार जमीनदारांच्या पाखरांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं आणि रखवालदार काठ्या घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर परिसरातले गिरणी-कारखान्यांतले तरुण कामगार शेकड्यांनी मुद्दाम त्यावर चढले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं, आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या मोकळ्या डोंगराळ जमिनीवर वाट सोडूनही चालायचा हक्क मिळाला. स्कॉटलंडमध्ये तर २००३ सालच्या कायद्याने जवळजवळ कुठेही जबाबदारीने हिंडता येतं, तंबूही टाकता येतो. ज्यांच्या साम्राज्याच्या गोष्टी आपण शाळेत शिकलो, त्यांच्याच घरातल्या गरिबांना रविवारी डोंगर चढण्यासाठी तुरुंगात जावं लागलं, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

वाटेत समोरून येणारा प्रत्येक माणूस "मॉर्निंग" म्हणेल. लंडनच्या ट्यूबमध्ये शेजाऱ्याकडे न बघणारी हीच माणसं. तुम्हीही म्हणा. कुत्र्याचं कौतुक केलंत तर पुढच्या वाटेची सगळी माहिती फुकट मिळते.

परत फिरायचं कधी

निघायच्या आधीच. म्हणजे ठरवायचं आधी: बाराला खिंडीत पोचलो नाही तर परत, ढग खिंडीपर्यंत उतरला तर परत. वर गेल्यावर ठरवायला बसलं की "एवढं आलोच आहोत तर" हे वाक्य जिंकतं. माथा राहिला म्हणून कुणी विचारत नाही, आणि ट्रेनचं भाडंही फार नाही.

वाट चुकलात तर घाईने खाली सुटू नका. घळीतून उतरू नका. वरून सोपी वाटणारी घळ खाली कड्यावर संपते, हे आपल्या नाळा उतरलेल्यांना सांगायला नको. जिथे नक्की कुठे आहोत ते माहीत होतं, त्या जागेपर्यंत मागे जा.

खरंच अडकलात, कुणाला लागलं, तर ९९९ लावायचा. आधी 'पोलीस' मागायचे आणि मग 'माउंटन रेस्क्यू'. थेट रुग्णवाहिका मागितली तर ती डांबरी रस्त्याला येऊन थांबेल. फोन लागत नसेल तर एसएमएस जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. आज घरी बसल्याबसल्या 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द ९९९ ला एसएमएस करा आणि उत्तरात येईल तसं करा, दोन मिनिटांचं काम आहे. काहीच नसलं तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, शिक्षक, सुतार, नर्स, आणि एक पैसा घेत नाहीत. डोंगराखालच्या पबात त्यांची दानपेटी असते, तिच्यात टाकावं.

पुढचे डोंगर

दोन-तीन वेळा मॅम टॉर झालं की त्याच धारेची लांब वाट करा: होप स्टेशनला उतरून लूझ हिल, बॅक टॉर, मॅम टॉर आणि ईडेलहून परत. मग वेल्समधला पेन-इ-व्हान, ८८६ मीटर (वेल्शमध्ये एका एफचा उच्चार व्ह), मग हेल्व्हेलिन, ९५० मीटर, पण स्ट्रायडिंग एजच्या धारेवरून नाही, सोप्या बाजूने. किंडरचं पठार चांगल्या हवेतच. वर काळ्या मऊ पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीत, चर पडलेत, धुक्यात त्यांच्यात माणूस गोल गोल फिरतो. बर्फाच्या दिवसांत उंच डोंगरांवर बर्फात रोवायची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे काटे) लागतात आणि ती वापरायला शिकावी लागतात. हिवाळाभर हेल्व्हेलिनच्या माथ्यावर रोज एक जण जाऊन बर्फाची स्थिती बघून येतो आणि ती जाहीर होते. असली नोकरी जगात असते, हे ऐकून मी अर्ज कुठे करायचा ते शोधलं होतं.

एकट्याने जायला धीर होत नसेल तर 'रॅम्बलर्स' ही १९३५ पासूनची संस्था आहे, गावोगाव तिचे गट असतात आणि सभासद होण्याआधी एखाद-दुसऱ्या फेरीला येऊ देतात. सरासरी वय आपल्या आईवडिलांचं असेल, आणि चढावर तेच पुढे असतील. नकाशा-होकायंत्राचे एक-दोन दिवसांचे 'हिल स्किल्स' वर्ग असतात, ते करून टाका.

आणि मोजायची हौस तर इथेही आहे. आपल्याकडे कुणी दोनशे किल्ले केले म्हणून सांगतं, तसं स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरचे २८२ 'मन्रो' मोजतात, १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी पहिली यादी केली म्हणून. ते स्वतः यादी पूर्ण न करताच गेले. लेक डिस्ट्रिक्टमध्ये २१४ 'वेनराइट' आहेत, म्हणजे आल्फ्रेड वेनराइट यांच्या मार्गदर्शक पुस्तकांतले डोंगर. माझे एकोणचाळीस झालेत, आणि कॅटबेल्स त्यात एकदाच मोजलाय, जरी मी तिथे सात वेळा गेले असले तरी.

घरी आल्यावर

मे ते सप्टेंबर गवतातून, नेच्यांतून चालला असाल तर अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी. गोचीड असली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल-काडी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरकडे जा. लाइम नावाचा आजार त्यातून होतो आणि वेळेवर औषध घेतलं तर बरा होतो.

बूट रेडिएटरवर ठेवू नका, चामडं तडकतं आणि तळ सुटतो. चिखल धुवा, आतला तळवा काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. रात्री झोपताना एकदा बोळे बदला.